फुटका चर

माय, टेकडीवर जायला माणशी किती पडतात ते माझ्या सुनेनं फाटकावर पाटी लावून लिहिलंय. त्यात सकाळचे पोहे, चहा आणि उतरल्यावर ग्लासभर द्राक्षाचा रस येतो. लोकांना वाटतं तेवढ्यात भागलं. खरा खर्च काढायला बसलो तर वेगळाच निघतो. वर पोचायला पाऊण तास, माझ्यासारख्याला तासावर दहा मिनिटं. डावा गुडघा, जो ठिबकच्या नळ्या अंथरता अंथरता आधीच अर्धा गेल्ता. या आठवड्यात एक चप्पल, कारण तीन दिवसांत तीन वेळा चढलो आणि तिसऱ्यांदा उतरताना अंगठा तुटला. आणि ज्या देखाव्यासाठी लोक जालन्याहून, संभाजीनगरहून गाड्या काढून येतात, त्याच्यापायी अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुझं नाव गेलं, ते कुणी हिशेबात धरत नाही. मीही धरलं नव्हतं. त्याचंच लिहायला बसलोय, आणि बसवत नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, बागेत एक चक्कर मारतो, परत येतो.

तू गेलीस त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हा आपली बाग दीड एकर होती आणि टेकडीवर गुराख्यांशिवाय कुणी जात नव्हतं. आता अकरा एकर आहे. दहा एकर खायच्या द्राक्षांची, आणि एक एकर वाइनच्या जातीची. तिचे मणी बारीक, काळे, खाल्ले तर दात आंबतात. तो माल नाशिककडची गाडी येऊन घेऊन जाते. त्या एका एकराच्या जोरावर सुनेनं सगळा पसारा मांडलाय. ती कुंभार पिंपळगावची, शिकलेली, तोंडाची गोड आणि कामाला पक्की. तुझा नातू नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत जातो आणि ही इथं रविवारी माणसं टेकडीवर चढवते. माणसं उतरली की पहिला सवाल ठरलेला, वाइन कुठं मिळेल? मी सांगतो, साहेब, वाइन सासरी गेली नाशिकला, हे तिचं माहेर हाय, आलात तसं रस पिऊन जा. ते हसतात आणि जाताना दोन किलो बेदाणा नेतात. कोण नेणार आणि कोण नुसते फोटो काढणार, ते मला गाडीचं दार लावायच्या आवाजावरून कळतं. कान माझे तुझ्यावर गेलेत. कुठल्या ओळीत नळी फुटली ते मी बांधावर उभ्या उभ्या सांगतो, गडी चेष्टा करतात, पण जाऊन बघतात तर नळी तिथंच फुटलेली असते.

टेकडीवर सुनेनं तीन थांबे केलेत. पहिला पळसाखाली, दम खायला. दुसरा अर्ध्या वाटेवर, सपाट खडकापाशी, तिथून खाली बागा दिसतात आणि बागांच्या मधे मधे काळं प्लास्टिक अंथरलेली शेततळी. तिसरा माथ्यावर. थंडीच्या दिवसांत हवा साफ असली तर तिथून जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांचा धूर दिसतो, आणि मागं वळून खाली पाहिलं की उतारावर आडव्या तेवीस रेघा दिसतात. तुम्ही बायांनी खणलेले चर. त्यांना अजून तुमच्यावरूनच ओळखतात. जावांचा चर, बोलकीचा चर, माळणीचा चर. जी टोळीच्या पुढं असायची तिच्यावरून नाव पडलं आणि ते टिकलं. आता पोरं शेळ्या शोधायला निघाली तरी एकमेकांना सांगतात, माळणीच्या चराला बघ. तुझ्या एकट्या चराला तुझं नाव नाही. त्याला फुटका म्हणतात.

मागच्या रविवारी नऊ माणसं होती. बँकेतले काही, बियाण्याच्या ऑफिसातले काही, दोघी शाळेतल्या बाई. सून पुढं, मी गुडघ्यामुळं वीसेक पावलं मागं. दुसऱ्या थांब्याच्या जरा अलीकडं ती थांबली. तिथं घळ पडलीय, तिच्यात बाभळी माजल्यात, आणि घळीच्या तोंडाशी तुझा चर संपतो. तिनं हात करून सांगितलं, हा फुटका चर, तेविसांतला एवढाच फुटला, एका बाईनं अंगचोरपणा करून उथळ खणला आणि एका पावसात सगळा गाळ खालच्या बागेत गेला. बँकेतला एक गृहस्थ म्हणाला, अशी एक बाई प्रत्येक ऑफिसात असते. सगळे हसले, शाळेतल्या दोघीही. सुनेला काय ठाऊक. तिला हे गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं, आणि म्हाताऱ्यांनी तिच्या तोंडावर तुझं नाव घेतलं नाही, सुनेपुढं तिच्या आजेसासूचं कसं सांगावं म्हणून. नुसतं एक बाई म्हणाले. लोक हसले तशी ती खुलली, आणि माझ्याकडं हात करून म्हणाली की आखणी सगळी आमच्या मामांची, म्हणून तर बाकीचे बावीस अजून जसेच्या तसे आहेत. नऊ माणसं मागं वळली. एकानं टाळ्या वाजवल्या. आणि मी, माय, मी हात वर केला आणि माझं नेहमीचं वाक्य बोललो. "दहावी नापास माणूस हाय, पण ह्या टेकडीवर माझी रेघ कुठं चुकली ते दाखवा, बाग तुमच्या नावानं करून देतो." हे मी कित्येक वर्षं बोलत आलोय. सत्कारांतही बोललोय. त्या दिवशी फुटक्या चराच्या काठावर उभा राहून बोललो, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी माझ्यासाठी पुन्हा लिहितो. पाणलोटाचं काम गावात आलं तेव्हा मी बावीस वर्षांचा, कामधंदा नसलेला, घरात पोर झालेलं. बाप जाऊन चार वर्षं झाल्ती. तू हजेरीवर खणायला जात होतीस. उतारावर आडवे चर खणायचे, पावसाचं पाणी पळून न जाता चरात उभं राहिलं पाहिजे आणि जमिनीत मुरलं पाहिजे, एवढंच ते काम. पण चर एका पातळीत हवा. एक टोक चार बोटं जरी खाली गेलं तरी सगळं पाणी तिकडं धावतं आणि तिथं फोडून निघतं. त्या कामाच्या साहेबांना आकडे वाचता येणारा गडी हवा होता. त्यांनी मला एका दुपारात शिकवलं. दोन काठ्या, दोन्हींवर इंचाच्या खुणा, आणि दोन्हींना बांधलेली लांब पारदर्शक नळी, पाणी भरलेली. दोन्हीकडं पाणी एकाच खुणेवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. दुसरी काठी मुकादमाचा भाऊ धरायचा. मी दुपारनंतर चुन्याची फक्की टाकून रेघ मारायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिच्यावर खणायच्या. अंगात नवीन शर्ट, खिशात पेन. चौदा बाया माझ्या रेघेवर कुदळ मारायच्या आणि त्यांतली एक माझी माय. मला त्याचं फार होतं, आता लपवत नाही.

तो दिवस मला वासासकट आठवतो. दुपारची सुट्टी. तुम्ही सगळ्या पळसाच्या सावलीला भाकरी सोडून बसलेल्या, कांद्याचा वास, आणि माझी नळी उन्हात खडकावर पडलेली. तू हात पुसत उठतेस, नळीपाशी येऊन बसतेस, आणि तिच्या पोटावर बोट ठेवतेस. "बापू, हिच्यात बुडबुडा हाय. हे बघ. हवा अडकली की दोन्ही तोंडांचं पाणी सारखं येत न्हाई." सगळ्या बाया बघून राह्यल्यात. मुकादम बिडी ओढत बघतोय. आणि मी म्हणतो, "माय, तू खणायचं बघ. आखायचं माझ्यावर सोड. शाळेत मी गेल्तो, तू न्हाई." कुणीतरी पदरात हसलं. तू परत जाऊन बसलीस आणि उरलेली भाकरी फडक्यात बांधलीस. खाल्ली नाहीस.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला बुडबुडा दिसलाच नव्हता. खोटं. दिसला होता. हरभऱ्याएवढा. तो काढायचा म्हणजे नळी सगळी रिकामी करून परत भरायची, त्याला पाणी खालून आणायला लागलं असतं, ऊन कलत होतं आणि साहेबांना संध्याकाळी रेघ दाखवायची होती. मी तशीच रेघ मारली, तेविसांतली शेवटची.

पोळ्याला आठ दिवस उलटले आणि एका दुपारी धरून पाऊस झाला. तुझ्या टोळीचा चर खालच्या टोकाला फुटला. गाळ आणि मुरूम जाऊन खालच्या नव्या बागेत बसला, लावून दोन महिने झालेली रोपं त्याच्यात गाडली गेली. बागवाला आरडाओरडा करत आला. दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते, आणि मला पक्कं ठाऊक होतं की ते नळी मागणार, रेघ परत तपासणार. ते येण्याआधी मी बाभळीमागं जाऊन नळीचं बूच काढलं आणि पाणी ओतून दिलं. साहेबांनी नळी मागितली तेव्हा म्हणालो, गळती लागलीय. मग ते म्हणाले, खोली बघू. फुटलेल्या जागी गाळ बसलेला, तिथं टेप धरला तर खोली निम्मीच भरली. इथं कोण खणत होतं, म्हणून त्यांनी विचारलं. मुकादमानं तोंड उघडायच्या आत तू पुढं झालीस आणि म्हणालीस, "मी होते, साहेब. माझाच हात हलका पडला." त्यांनी मुकादमाला सांगितलं, ह्या बाईला उद्यापासून कुठल्याच कामावर घेऊ नका. तू कुदळ खाली ठेवलीस आणि टेकडी उतरायला लागलीस. मी काठी धरून उभा होतो. काठी सरळ धरायची असते, म्हणून सरळ धरून उभा होतो.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी भिंतीला टेकून बसलोय आणि तू भाकरी थापतेस. मला वाटत होतं आता बोलशील. तू भाकऱ्या संपवल्यास, हात धुतलेस, खुंटीवरची नळी काढलीस. पाण्याची कळशी उतरंडीच्या वर ठेवलीस, नळीचं एक तोंड तिच्यात बुडवलंस आणि दुसरं तोंडानं ओढून खाली सोडलंस. रेशनच्या दुकानात पिंपातून रॉकेल काढायचे तशी. पाणी जमिनीवर वाहायला लागलं, विहिरीवरून तूच डोक्यावर आणलेलं, आणि तू वाहू दिलंस. मधून मधून नळी उचलायचीस, नखानं टिचकी मारायचीस. "अशी भरायची. घाई करायची न्हाई. टिचकी मारली की हवा वर निघून जाती. भरली की दोन्ही तोंडं जवळ धर, पाणी सारखं आलं तरच काठी उचल." तेवढंच. दुपारचं काही नाही, साहेबाचं काही नाही. मग माझ्या ताटात ठेचा वाढलास. दुसऱ्या दिवसापासून तू कापूस वेचायला जायला लागलीस, लांबच्या रानात, आणि हंगाम संपेपर्यंत टेकडीकडं तोंड केलं नाहीस.

पुढचं सगळं लोकांना सांगायला मला आवडतं. साहेबांना माझं काम पसंत पडलं, त्यांनी मला पुढच्या गावाला नेलं, मग त्याच्या पुढच्या. बारा गावांत मी रेघा मारल्या आणि तिथं एकही चर फुटला नाही, कारण नळी रोज तू दाखवलीस तशी भरली. मग ठिबक बसवायला शिकलो, मग ठिबकचं दुकान, मग बाग. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस म्हणून शाल आणि नारळ देतात. एकदा तू पण आल्तीस, सगळ्यांत मागं बसलीस. येताना जीपमधे तू नारळ कानाशी धरून हलवलास आणि म्हणालीस, पाणी कमी हाय ह्याच्यात. मी मोठ्यानं हसलो होतो. तू हसली नव्हतीस, तू चटणीचा विचार करत होतीस.

आता ह्या आठवड्याचं. सोमवारी सकाळी एकटाच चढलो, काही काम नव्हतं. खाली आलो तर सून टेबलाशी बसून थांब्यांच्या पाट्यांचा मजकूर लिहीत होती. गुरुवारी पेंटर येणार, चार पाट्या रंगवणार, त्यांतली एक फुटक्या चराची. तिनं मला वाचून दाखवली. एका मजुराच्या हलगर्जीपणामुळे फुटलेला चर, काम मनापासून करणे किती महत्त्वाचे याचे उदाहरण. "मामा, बराबर हाय ना?" म्हणून तिनं विचारलं. घशापर्यंत आल्तं, माय. मी म्हणालो, अक्षर मोठं काढायला सांग, लांबून दिसलं पाहिजे. आणि विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदललाय म्हणून उठून गेलो. मोटारीचा आवाज बदलला नव्हता. मंगळवारी परत चढलो. बुधवारी सकाळी पुन्हा, तेव्हा चप्पल तुटली. फुटक्या चरापाशी बसलो, उठलो, घळीत उतरलो, परत वर आलो. एकदा रंगली की ती पाटी मी असेपर्यंत आणि माझ्यानंतरही तिथं राहणार, आणि दर रविवारी कुणीतरी तिच्यापुढं उभं राहून हसणार. हे मला दिसत होतं. तरी सुनेपुढं जाऊन बसलो की जीभ दुसऱ्याच विषयाकडं वळायची, खताकडं, छाटणीकडं, नातवाच्या गाडीच्या हप्त्याकडं. बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी, आणि एक वाक्य निघेना.

म्हणून बुधवारी दुपारी गाडी काढून अंबडला गेलो. तुझ्या टोळीतल्या चौघींपैकी आता मावशी एकटीच उरलीय, तुझी जोडीदारीण. लेकाकडं राहते, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. रस्त्यानं दोन्हीकडं मोसंबीच्या बागा, आणि मी वाक्य घोळवतोय. आधी हिच्यापुढं कबूल करावं, जीभ सैल होईल, मग सुनेपुढं सोपं जाईल, असा माझा हिशेब. मावशी ओट्यावर बाजेवर बसली होती. डोळ्यांनी अधू झालीय, पण माझ्या पायांच्या आवाजावरून विचारते, कोण, पाय ओढून कोण चालून राह्यलं? नाव सांगितलं तशी म्हणाली, "हां, द्राक्षंवाला. टेकडीला तिकीट लावलंस म्हणं. मी आले तर माझ्याकडून घेशील का? दोन साल खणलीय मी ती." मी म्हणालो, तुझ्याकडून उलटं द्यायला लागेल मावशी. तिला ते आवडलं. तिच्या सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि साखर बघून टाक, द्राक्षंवाल्याला आधीच गोड लई, असंही सांगितलं.

चहा येईपर्यंत मी सांगून टाकलं. चर उथळ नव्हता, नळीत बुडबुडा होता, माय बोलली तेव्हा मी तिला सगळ्यांत पाडून बोललो, आणि साहेब यायच्या आधी पाणी ओतून दिलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते चार वाक्यांत संपलं. मावशी मिश्री लावत ऐकत होती. संपल्यावर तिनं बाजूला थुंकलं आणि विचारलं, "मंग? एवढं सांगायला अंबडला आलास व्हय?" मग तीच म्हणाली, ते तर आम्हाला तवाच म्हाईत होतं, बाभळीमागं ओलं झालेलं आम्ही बघितलं न्हाई का.

आणि मग ती हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं ते, जुनी गंमत आठवल्यासारखं. "बापू, तुझी नळी रोजच खोटी असायची." मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. ती सांगत गेली. हजेरी लागायच्या आधी तू आणि ती, दोघीच टेकडी चढायच्या, उजाडता उजाडता. प्यायच्या घागरीतनं लोटाभर पाणी घ्यायचं आणि मी आदल्या दिवशी मारलेल्या रेघेवर जागोजागी सोडायचं. तू उकिडवी बसून बघायचीस, पाणी कुठं सरकतंय. सरकलं की पायानं माझी फक्की पुसायची आणि नवी चिमटीनं टाकायची, कुठं चार बोटं वर, कुठं वीतभर खाली. मग सगळ्या बाया आल्या की जसं काही झालंच नाही तसं खणायला लागायचं. घागरीतलं पाणी दुपारपर्यंत संपायचं आणि बाया तुला बोलायच्या, की ही बाई लई पाणी पिती. मावशी म्हणाली, "तिनं मला आण घातल्ती. म्हणली, त्याला कळू द्यायचं न्हाई, त्याचा हात आत्ता कुठं कामात बसून राह्यलाय."

मी विचारलं, आणि फुटक्या चराला? त्या रेघेवर पाणी सोडलं नाही?

मावशीनं हसणं थांबवलं. म्हणाली की त्या सकाळी पण तिनं लोटा भरून घेतला होता. तू रेघेपाशी उभी राहिलीस, लांबवर बघितलंस. "मला म्हणली, राहू दे. त्यानं आखलंय तसंच खणायचं." मी विचारलं, रागानं म्हणाली का? मावशी हातातली मिश्री चोळत राहिली. "आता ते मी कसं सांगू. तिचा राग मला म्हाईत होता, तो न्हवता. पण दुसरं काय होतं ते मला तवा बी कळलं न्हाई." चहा आला. चहात साखर खरंच कमी होती.

परत येताना गाडी तीनदा थांबवली. एकदा मोसंबीच्या बागेपाशी उतरून रस्त्याच्या कडेला नुसताच उभा राहिलो. तू खणायचं बघ म्हणालो होतो, तो शब्द तू तंतोतंत पाळलास, की मला एकदा पडू द्यायचं ठरवलंस, की चौदा बायांसमोर बोललो त्याच्यानंतर तुला माझ्या रेघेला हात लावणं जड गेलं? आणि पडू द्यायचंच होतं, तर साहेबासमोर पुढं कशाला झालीस? बारा गावं फिरलो, माणसं ओळखून धंदा केला, समोरचा काय बोलणार ते त्याच्या श्वासावरून ओळखतो म्हणून मिरवलो. तुझं हे एक वाक्य मला उलगडेना. अजून उलगडत नाही. आता लिहितोय तरी दोनदा उठून आलोय.

घरी आलो तेव्हा सून संध्याकाळचा दिवा लावून पाट्यांचे कागद आवरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर परत खताकडं गेलो असतो. ती बाई तुझी आजेसासू होती. तिचं खणणं बराबर होतं. नळीत हवा होती, ती मला दिसली होती, आणि नंतर मी पाणी ओतून दिलं. तिचं तोंड उतरत गेलं, रविवारी आपण काय काय बोललो ते तिला आठवत असावं. मग म्हणाली, "मामा, तुम्ही मागंच होता ना. माझ्या तोंडून आजेसासूबाईंचं हसं होऊ दिलंत. बोलला कामून न्हाईत?" तुझ्यानंतर मला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं तो सवाल ताणून धरला नाही. कागद फाडला, नवा घेतला, आणि लिहिलं. हा चर माझ्या आजेसासूबाईंनी खणला. खणण्यात चूक नव्हती, आखणीत होती. खाली तुझं नाव, सगळं, माहेरच्या नावासकट, ते तिनं मला विचारून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. मी म्हणालो, बराबर.

उद्या सकाळी पेंटर येतोय. दर रविवारी माणसं तिथं थांबतील आणि तुझं नाव वाचतील. इतकं झालं, माय, आणि तरी मला बसवत नाही, कारण त्याच्यानंतरचं एक राहिलंय. सून कागद गोळा करून उठली तेव्हा तिला माझी कीव आली असावी. दारात थांबली आणि म्हणाली, "एक चुकला म्हणून काय झालं मामा, बाकीचे बावीस तर तुमचे बराबर आले ना. माथ्यावरच्या पाटीवर आखणी तुमची म्हणून लिहिलंय ते तसंच ठेवते." मी मान हलवली. मावशीकडं काय ऐकलं ते मी तिला सांगितलं नाही. लोटा, घागर, उजाडता उजाडता पुसलेली फक्की, ह्यातलं काहीच नाही. उद्या सांगेन असंही म्हणवत नाही. हे कागद मी मोटारीच्या पेटीत ठेवणार आहे, तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. तुला मात्र खोटं लिहिणार नाही. त्या टेकडीवर मी आखला तसा खणलेला चर एकच आहे, आणि तो फुटला.